नाचाच्या हंगामाची दोन तिकिटं

आमच्या सासूबाईंना वाचता येत नसे, पण पेपर मात्र त्यांना रोज लागे. हे मॉरिशसमधल्या पोर्ट लुईच्या सरकारी कचेरीतून घरी आले की यांच्या पिशवीतला फ्रेंच पेपर आधी सासूबाईंच्या मांडीवर जाई. त्या एकेक पान उलटून चित्रं बघत. बंदरात आलेल्या बोटी, लग्नाची जोडपी, शर्यतीचे घोडे. मग पेपरची घडी घालून माझ्या हातात देत आणि म्हणत, "आज कायबी नाय."

एकोणीसशे बासष्ट-त्रेसष्टचा सुमार असेल. मार्चमधल्या एका संध्याकाळी त्यांनी घडी घातलीच नाही. मी स्वयंपाकघरात शेवग्याचा पाला निवडत बसले होते. त्या उघडा पेपर घेऊन आत आल्या आणि पान माझ्या डोळ्यांसमोर धरलं.

"सुने, ही आपल्यातली हाय ना? नाकात बग."

चित्रात एक नर्तकी होती. एक पाय दुमडून उचललेला, दुसऱ्या पायावर सगळा भार, हात कानापर्यंत वर. नाकात चमकी होती खरी. मी खालचा मजकूर वाचून त्यांना मराठीत सांगितला. रोझ हिलच्या थिएटरात यंदा थंडीच्या दिवसांत नाचाचा हंगाम होणार होता. जून ते सप्टेंबर, आमच्या बेटावर थंडी तेव्हाच; महिन्याला एक खेळ, रविवारी दुपारी. जूनमध्ये फ्रान्सचा बॅले, जुलैत मादागास्करची मंडळी, ऑगस्टमध्ये स्पेनचे नाचणारे, आणि सप्टेंबरात भारतातून येणारं पथक. चारही खेळांचं मिळून एकच तिकीट. त्याला आमच्याकडे अबोनमां म्हणत. मे महिन्यात एका शनिवारी सकाळी तिकिटांची खिडकी उघडणार होती.

"म्हंजे चार महिने खुर्ची आपली?"

"हो आई."

"कोन उठवनार नाय?"

"नाही उठवणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर शिवणाच्या कात्रीने चित्र कापलेलं होतं, आणि पिठाच्या डब्यामागे भिंतीला भाताच्या शिताने चिकटवलेलं होतं.

सासूबाई शमें ग्रेनिएच्या. दक्षिणेच्या त्या गावात त्यांचा जन्म झाला, तिथेच लग्न झालं, तिथेच उसाच्या शेतांत त्यांनी उमर घालवली. सासरे गेल्यावर हे त्यांना आमच्याकडे कात्र बोर्नला घेऊन आले. मी तिथल्या एका मुलींच्या शाळेत शिकवत होते. माझे वडील देवळाच्या पडवीत संध्याकाळी मराठीचे वर्ग घेत, त्यामुळे माझं मराठी पुस्तकातलं होतं, आणि शाळेमुळे फ्रेंचही नीटनेटकं होतं. या दोन्हींचा मला फार अभिमान. सासूबाईंचं मराठी गावातलं, निम्मं क्रेओल, म्हणजे फ्रेंचवरून झालेली बेटावरची बोली, मिसळलेलं. त्या अंगणातून मोठ्याने हाका मारत, तेव्हा मी खिडकी लावून घेत असे. आज हे लिहायला जड जातं, पण लावून घेत असे.

त्या दिवसापासून रोज एक नवा प्रश्न निघू लागला. थिएटरात चप्पल काढायची का? पदर डोक्यावरून घ्यायचा की खांद्यावर? मध्ये खोकला आला तर काय करायचं? दशम्या बरोबर न्यायच्या का? मी उत्तरं देत असे, पण वह्या तपासता तपासता, मान वर न करता. यांना मात्र गंमत वाटे. हे म्हणायचे, "आईला काहीतरी हवंय, असं मी पहिल्यांदाच बघतोय."

एकदा कपडे वाळत घालताना त्यांनी मला स्वतःहून सांगितलं. त्यांच्या गावात गणपतीत झाकरी होई. मधोमध ढोलकीवाला आणि गाणारा बसे. भोवती पुरुष एका पायात घुंगरू बांधून रिंगण धरत. बायका लांब, झाडांखाली उभ्या राहून बघत. सासूबाईंना लहानपणापासून सगळी गाणी पाठ, सगळ्या चाली पाठ. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच वर्षी त्यांनी आणि शेजारच्या एका सुनेने गोठ्यात, गाईच्या आडोशाला, पुरुषांसारखी झाकरी धरून बघितली. त्यांच्या सासूने ते पाहिलं.

"ओरडल्या का तुमच्यावर?"

"नाय. वरडली असती तर बरं व्हतं. दुसऱ्या दिसापासून मला लांबच्या मळ्यात गवताला धाडलं. गनपती उठंपर्यंत. ढोलकी ऐकू यायची, पन बगायला नाय मिळालं."

एवढं बोलून त्यांनी यांच्या सदऱ्याची बाही झटकली आणि दोरीवर टाकली. मी "अरेरे" म्हटलं असेन. नक्की आठवत नाही.

एप्रिलमध्ये आमच्या शाळेचा बक्षीस समारंभ होता. हे कामात होते म्हणून मी सासूबाईंना बरोबर नेलं. पहिल्या रांगेत मोठे पाहुणे बसले होते. मुख्याध्यापिका मध्ये. त्या गोऱ्या, कडक शिस्तीच्या बाई होत्या. त्यांच्या भुवईच्या हालचालीवर आम्ही सगळ्या शिक्षिका चालत असू. सासूबाईंना मी मागे, खांबाजवळ बसवलं. मोठ्या मुलींनी एक नाच बसवला होता. पांढरे झगे, हातांत कागदी फुलं. नाच चालू झाला, आणि थोड्या वेळाने खांबाजवळून खणखणीत आवाज आला, "पाय उचल गो पोरी! पाय! भुईला काय चिकटलाय!"

सगळी सभा मागे वळली. नाचणाऱ्या मुलीला हसू फुटलं, तिची चाल चुकली, मग शेजारणीची चुकली. सासूबाई उभ्या राहून टाळ्यांनी ताल देत होत्या. त्यांना वाटलं, आपण मदत करतोय. आणि खरं सांगायचं तर त्या टाळ्यांवर मुलींची चाल परत जुळली, पहिल्यापेक्षा चांगली जुळली. ते मला तेव्हा दिसलं नाही. मला मुख्याध्यापिकाबाईंची मान तेवढी दिसली, हळूहळू माझ्याकडे वळणारी.

समारंभ संपल्यावर त्यांनी विचारलं, "त्या बाई तुमच्याबरोबर आल्यात?"

"वी, मदाम," मी फ्रेंचमध्ये हो म्हटलं. त्या माझ्या सासूबाई आहेत, एवढं पुढचं वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. सासूबाई चार हातांवर उभ्या होत्या, हसत, नमस्कारासाठी हात जोडून. मुख्याध्यापिका त्यांच्याकडे न बघता निघून गेल्या. घरी येताना वाटेत मी त्यांना म्हटलं, "असं ओरडायचं नसतं, आई. लोक बघत होते." त्या म्हणाल्या, "नाचाला लोक बगायलाच बसतात ना?" पण माझा चेहरा बघून पुढे गप्प झाल्या.

मग मे महिन्यातला तो शनिवार आला.

सासूबाई पहाटेच उठल्या होत्या. मला चहा करून दिला, छत्री हातात दिली. "तू जा. त्याला नको धाडू, तो घाईत कायबी घेऊन येतो. तुला तितली भाषा बोलता येते. मधली जागा बग. लई मागं नको, माझी नजर आता पयल्यासारखी नाय."

थिएटरच्या दारापाशी मी पोचले तेव्हा रांग बाहेर रस्त्यापर्यंत आली होती. पाऊस भुरभुरत होता. रांगेत टोप्या घातलेल्या बायका होत्या, डॉक्टर होते, कचेऱ्यांतले साहेब होते. साडी नेसलेल्या आम्ही फारतर चौघी. माझ्या पुढे सातआठ माणसं सोडून मुख्याध्यापिका उभ्या होत्या. त्यांनी मला पाहिलं आणि हसल्या. शाळेत कधी हसल्या नव्हत्या तशा. "तुम्हालाही नाचाची आवड आहे? छान, छान. मग आपण एकमेकींना चारही वेळा भेटणार." मला कुणीतरी वरच्या पायरीवर हात धरून घेतल्यासारखं वाटलं. त्या आपलं तिकीट घेऊन जाताना माझ्या दंडाला हात लावून गेल्या.

माझी पाळी आली. खिडकीमागच्या माणसाने खुर्च्यांचा नकाशा माझ्यासमोर सरकवला. मधल्या रांगांत कितीतरी चौकोन कोरे होते. एका जागी सलग तीन. त्याने पेन्सिल उचलली आणि विचारलं, "दोन की तीन?"

घरून निघताना माझ्या मनात तीनच होते, हे मी शपथेवर सांगू शकते. पण त्या क्षणी मला तो खांब दिसला, वळलेली सभा दिसली, आणि थिएटरात दोन रांगा पुढून वळणारी मुख्याध्यापिकांची मान. मी म्हटलं, "दोन."

त्याने दोन चौकोन काळे केले.

घरी सासूबाई फाटकातच उभ्या होत्या. मी छत्री मिटेपर्यंत थांबल्या. मग विचारलं, "मिळाली?"

"दोनच उरली होती, आई. फार गर्दी होती."

मी त्यांच्याकडे न बघता चिखल झालेल्या चपला पुसत राहिले. त्या म्हणाल्या, "मग तुमी दोगं जा. तू मला येऊन सांग. तुला चांगलं सांगता येतं." आणि माझ्या हातातून ओल्या चपला घेऊन त्या चुलीजवळ वाळत ठेवायला गेल्या.

संध्याकाळी हे म्हणाले, "माझी जागा आईला दे की. मी कशाला?" मी म्हटलं, "तिथे जोडप्याने जायचं असतं." असं काही नसतं. यांनाही ते माहीत होतं. पण हे भांडणाचे नव्हते. यांनी पेपर उचलला.

जूनमधला बॅले आम्ही पाहिला. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी बसते न बसते तोच सासूबाईंनी समोर पाट घेतला. "हं, सांग."

"पांढरे कपडे होते. पडदा निळा होता. एक राजकन्या होती..."

"राजकन्या ऱ्हाऊ दे. पाय कसा टाकत व्हती?"

मला सांगता येईना. मी टाचा उचलून दाखवलं. "बोटांवर. फक्त बोटांवर चालतात."

"बोटांवर? मग टाच कदी वाजते?"

"वाजतच नाही."

त्या विचारात पडल्या. "टाच नाय वाजली तर भुईला कसं कळनार, वर कोन नाचतंय?" मी हसले. त्याही हसल्या.

जुलैत असंच झालं, ऑगस्टमध्ये असंच झालं. स्पेनच्या नाचाचं सांगताना मी पाय आपटून दाखवले, तर त्या उठल्याच. पदर खोचून दोनदा टाच मारली आणि म्हणाल्या, "असं?" अगदी तसंच होतं ते. मी म्हटलं, "हो, असंच." या बाईला मी घरी ठेवून जाते आणि परत येऊन उष्टं वाढल्यासारखं वाढते, असं वाटलं.

सप्टेंबरचा भारतातल्या पथकाचा खेळ जवळ आला तसं मला राहवेना. एक दिवस शाळा सुटल्यावर मी घरी न जाता रोझ हिलला गेले आणि खिडकीवर विचारलं, शेवटच्या खेळाची एखादी सुटी जागा मिळेल का? कुठलीही, मागची, कोपऱ्यातली. तोच माणूस होता. त्याने नकाशा दाखवला. सगळे चौकोन काळे. भारताचा खेळ म्हटल्यावर पार उत्तरेच्या पेती राफ्रेपासून लोक येऊन तिकिटं घेऊन गेले होते. मे महिन्यात मी घरी सांगितलेलं आता खरं झालं होतं.

मी त्यांना माझं तिकीट देऊ केलं. "आई, तुम्ही जा यांच्याबरोबर. मी घरी राहते."

त्या तांदूळ पाखडत होत्या. सूप थांबलं नाही. "नको. तुजं नाव लावून घेतलंय, तू जा. मी तितं त्याच्याबरोबर काय करू? तो नाच सोडून माणसं बगत बसंल. तू बग. नीट बग, मला सांग."

मी खूप आग्रह केला का? केला, दोनदा. तिसऱ्यांदा केला नाही.

मी गेले आणि नीट बघितलं. मुख्याध्यापिका दोन रांगा पुढे होत्या, मध्यंतरात येऊन बोलल्याही. त्या काय म्हणाल्या ते आज आठवत नाही. एक नर्तकी एकटीच आली, अनवाणी. तिची टाच लाकडी फळ्यांवर पडली तसा सगळ्या थिएटरात तिचा आवाज भरला. मी शेजारी बसलेल्या यांच्याकडे बघितलं. हे समोर बघत होते, जबडा आवळून.

त्याच वर्षाच्या शेवटी सासूबाई लेकीच्या बाळंतपणासाठी शमें ग्रेनिएला गेल्या. दोन महिन्यांसाठी म्हणून गेल्या, त्या परत आल्या नाहीत. नातवंडाला सांभाळायला कुणी नाही, असं कारण होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

पुढल्या वर्षी पुन्हा हंगाम जाहीर झाला. भारताचं पथक त्यात नव्हतं, पण बॅले होता, आणखी तीन खेळ होते. खिडकी उघडायच्या दिवशी मी पहिली जाऊन उभी राहिले. दारं उघडायची होती, झाडूवाली पायऱ्या धूत होती. कुणी विचारायच्या आत मी म्हटलं, "तीन. मधल्या रांगेत, सलग." आणि पुढच्याच रविवारी ती तिकिटं घेऊन मी क्युरपीपला बस बदलून शमें ग्रेनिएला गेले. उसाला तुरे आले होते. सगळ्या वाटेभर मी मनात वाक्यं जुळवत होते.

नणंदेच्या अंगणात चारपाच बायका भाजीसाठी शुशूची फळं सोलत बसल्या होत्या. मी कोण हे कळताच एकजण उठून माझ्याजवळ आली. तिने माझे दोन्ही हात धरले. "तुमीच का ती सून? तुमच्या सासूनं आमाला समदं सांगितलंय. बोटांवर चालनाऱ्या बाया, स्पेनच्या टाचा, निळा पडदा. चारी वेळा घेऊन गेलात म्हने तुमी तिला! मधल्या रांगेत बसवलंत! आमच्या सुना दुकानापर्यंत नेत नाईत."

बाकीच्या माना डोलवत होत्या. सासूबाई दारात नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा बाळाचं टोपडं नीट करू लागल्या.

जेवणं झाली, बायका गेल्या. नणंद बाळाला घेऊन आत पडली. आम्ही दोघीच उरलो. माझी जुळवलेली वाक्यं कुठल्याकुठे गेली. मी नुसतं म्हटलं, "आई, त्या दिवशी जागा होत्या."

"ठावं हाय."

"कधीपासून?"

"त्याच दिसापासनं. तुमची ती शेजारची शिवनारी बाय गेली व्हती ना दुपारची. संध्याकाळी कुंपनावरनं मला तिकिटं दाखवली. म्हनली, प्लास ती एना, बोकू प्लास. लई जागा हायेत म्हनली, सांगा तुमच्या सुनेला."

ती शेजारीण क्रेओल समाजातली होती, मोठ्या मनाची. तिने ते चांगल्याच भावनेने सांगितलं असणार. म्हणजे जूनमध्ये, जुलैत, ऑगस्टमध्ये पाट घेऊन माझ्यासमोर बसताना त्यांना सगळं माहीत होतं.

"मग बोलला का नाहीत, आई? मला एका शब्दाने तरी विचारायचं."

त्यांनी उंबऱ्यावर आलेल्या कोंबडीला हाकललं. मग म्हणाल्या, "विचारून काय झालं असतं? एक खोटं तुज्या तोंडातनं निगालं व्हतं. मी विचारलं असतं तर दुसरं निगालं असतं. मंग आपल्या दोगींना एका घरात ऱ्हाता आलं असतं का?"

मी रडले. त्यांनी मला रडू दिलं. जवळ घेतलं नाही, लोटलंही नाही. थोड्या वेळाने मी तिकिटं काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी ती उलटसुलट बघितली. "आता हौस नाय ऱ्हायली गो तेवडी," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "पन आनलीस तर एकदा येते."

त्या आल्या. जूनमधल्या बॅलेला. निळ्या काठाची पांढरी साडी, पदर डोक्यावरून, पायांत नव्या चपला. आम्ही तिघं मधल्या रांगेत बसलो, त्या आमच्या दोघांच्या मध्ये. दिवे मंद झाले, पडदा वर गेला. मी रंगमंचाकडे थोडंच बघितलं, बाकी सगळा वेळ त्यांच्याकडे. त्या ताठ बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर एकात एक अडकवून. चेहरा हलला नाही. पायाचं बोटसुद्धा तालावर हललं नाही. पहिला नाच संपला, थिएटर टाळ्यांनी दणाणलं, लोक उभे राहिले. त्यांचे हात मांडीवरच होते.

मी कानाशी वाकून म्हटलं, "आई, टाळ्या वाजवा ना."

त्यांनी हळूच विचारलं, "हितं चालतं?"

"चालतं. सगळे वाजवतायत."

त्यांनी तीनदा टाळी वाजवली. आवाज न होईल अशी, बोटांनी. मग पुन्हा हात मांडीवर. मध्यंतरात मी त्यांना मुख्याध्यापिकेकडे घेऊन गेले आणि मोठ्याने म्हटलं, "मदाम, या माझ्या सासूबाई." मुख्याध्यापिकांनी अदबीने मान लववली, दोन शब्द बोलल्या. सासूबाईंनीही मान लववली. सगळं रीतीला धरून झालं. वर्षापूर्वी असं व्हावं म्हणून मी काहीही दिलं असतं. बसमधून परत येताना हे म्हणाले, "आई, आवडलं?" त्या म्हणाल्या, "चांगलं व्हतं. लई साफ." दुसऱ्या दिवशी त्या गावी परत गेल्या.

जुलैच्या खेळाला मी निरोप पाठवला, पण त्यांना बरं नव्हतं. ऑगस्टच्या खेळाच्या आधी शमें ग्रेनिएहून येणाऱ्या बसच्या कंडक्टरकरवी त्यांचाच निरोप आला. गणपती जवळ आले होते. गावातल्या बायकांना त्या झाकरी शिकवत होत्या. इतकी वर्षं पुरुषच धरत आले, यंदा अंगणात बायकांचंही एक रिंगण होणार होतं. येत्या रविवारी तालीम आहे, सून मोकळी असेल तर तिला यायला सांगा, एवढाच निरोप.

त्याच रविवारी दुपारी आमचा खेळ होता.

मी यांना म्हटलं, "जागा राखून ठेवलेल्या आहेत, आता फुकट कशा घालवायच्या? आईंकडे पुढल्या रविवारी जाऊ. तालीम काय, परत होईलच." यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खांदे उडवले. आम्ही थिएटरात गेलो. सासूबाईंच्या खुर्चीवर मी माझी पर्स ठेवली होती. पुढल्या रविवारी माझ्याकडे परीक्षेचे पेपर तपासायला आले. गणपतीच्या दिवशी शाळेला सुट्टी नव्हती, आणि मी मागितलीही नाही. हे एकटेच संध्याकाळी जाऊन आले, तोवर सगळं आटोपलं होतं.

नणंदेने नंतर सांगितलं, अकरा जणी होत्या. गावातले म्हातारे आधी हसले, मग गप्प झाले, आणि ढोलकीवाला आपणहून मध्ये येऊन बसला. सासूबाईंनी स्वतः एका पायात घुंगरू बांधले होते. पहिलं गाणं त्यांनीच उचललं.

मला वाटलं, पुढच्या वर्षी बघू. पण त्या वर्षअखेरीच्या पावसात त्या विहिरीजवळ घसरल्या आणि मांडीचं हाड मोडलं. त्यानंतर काठीशिवाय त्यांना चालता आलं नाही. पुढच्या गणपतीत बायकांचं रिंगण झालं, तेव्हा त्या ओट्यावर बसून नुसता ताल देत होत्या. मी त्या वर्षी गेले होते. त्यांचा आवाज ऐकला, नाच नाही. अडुसष्टच्या थंडीत त्या गेल्या.

शमें ग्रेनिएला मी अजून जाते. ते रिंगण चालू आहे. पहिल्या अकराजणींपैकी काहीजणी आता म्हाताऱ्या झाल्यात, त्यांच्या मुली नाचतात. मी गेले की त्या आपल्या सुनांना बोलावून मला दाखवतात. "हीच ती," म्हणतात, "सासूला चारी वेळा नाच दाखवायला नेनारी. हिच्याकडनं शिका."

सुना माझ्या पाया पडतात. मी दरवेळी ठरवून जाते की यंदा खरं काय ते सांगायचं. आणि दरवेळी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून परत येते.